बीड, ॲल्युमिनियम, पितळ आणि मधलं पाणी

फियाटच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडलं की गॅरेजमधले सगळे आधी गॅसकेटवर, म्हणजे त्याखालच्या सीलच्या पत्र्यावर, वाकतात. कुठे जळलं, कोणत्या दोन सिलिंडरांच्या मधे फुटलं, यावर चर्चा रंगते. मी हेड उलटं करायला लावते आणि पाण्याची भोकं बघते. भोकाची कड गोल आणि धारदार असेल तर गाडी कुणीतरी नीट सांभाळली आहे. कड कुरतडलेली असेल, आत खड्डे आणि खड्ड्यांत पांढरी भुकटी असेल, तर गॅसकेटला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने ज्यावर टेकायचं ती जागाच उरलेली नसते.

माझी नोकरी पाण्याची. भोसरी, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत बॉयलर आणि कूलिंग टॉवरचं पाणी तपासायचं, कोणतं रसायन किती घालायचं ते सांगायचं, आणि एवढं करून पाइप फुटला की बोलणी खायची. निवृत्तीनंतर काकांची १९६७ सालची फियाट ११०० डिलाइट माझ्याकडे आली. बोनेट उघडलं तेव्हा मला इंजिनाच्या आधी पाण्याचं एक बंद सर्किट दिसलं. त्यात इतके निरनिराळे धातू एकत्र नांदत होते की कारखान्यात असा आराखडा कुणी समोर ठेवला असता तर मी त्यावर सही केली नसती.

ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ठोकळा, बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. त्यावर हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि त्याचे सांधे शिसं-कथलाने झाळलेले. ब्लॉकच्या कडेला ठोकून बसवलेल्या वाट्या पोलादी पत्र्याच्या. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, पितळेचा, आणि त्याच्यावर होज, म्हणजे रबराची नळी, चढवायचं तोंड पुन्हा ॲल्युमिनियमचं. या सगळ्यांतून एकच पाणी फिरतं. पन्नासच्या दशकातल्या डुक्कर फियाटपासून शेवटच्या पद्मिनीपर्यंत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने हे १०८९ सीसीचं इंजिन मुळात तसंच ठेवलं: ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), खाली बीड, वर ॲल्युमिनियम. डिलाइटची १९७२ मध्ये प्रेसिडेंट झाली, १९७४ मध्ये पद्मिनी झाली. पाण्याचा प्रश्न होता तिथेच राहिला.

ॲम्बॅसडरवाले या बाबतीत सुखी. त्यांच्या १४८९ सीसीच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिनात ब्लॉकही बीडाचा आणि हेडही बीडाचं. तिथे गंज चढतो, पाणी तांबडं होतं, रेडिएटर चोंदतो, पण हेड असं खाल्लं जात नाही. म्हणून ॲम्बॅसडरवाल्याने मोठ्या प्रेमाने दिलेला सल्ला फियाटमध्ये वापरण्याआधी दोनदा विचार करावा. उलट जग्वारचं एक्सके इंजिन, तेही बीडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड, आपल्याच जातकुळीतलं. त्यांची गाडी कितीतरी पटींनी महाग असली तरी दुखणं तेच.

आता मूळ भानगड. दोन वेगळे धातू, त्यांना जोडणारा विजेचा रस्ता, आणि दोघांनाही भिजवणारं क्षार असलेलं पाणी, एवढ्यावर बॅटरी तयार होते. या बॅटरीत एक धातू झिजतो आणि दुसऱ्याला आराम मिळतो. कोण झिजणार ते रांगेतल्या जागेवर ठरतं. खाऱ्या पाण्यातली रांग झिजऱ्या टोकाकडून साधारण अशी लागते: मॅग्नेशियम, जस्त, ॲल्युमिनियम, मग लोखंड आणि बीड, मग शिसं-कथील, आणि पलीकडे पितळ आणि तांबं. आपलं हेड आणि आपला रेडिएटर या रांगेत नेमके लांब पडले आहेत. दोघांमध्ये साधारण अर्ध्या व्होल्टचं अंतर भरतं. आकडा किरकोळ वाटतो, पण हा अर्धा व्होल्ट गाडी उभी असतानाही रजा घेत नाही.

ब्रिटिश आरमाराला हे अडीचशे वर्षांपूर्वी फार महागात कळलं. १७६१ मध्ये त्यांनी एचएमएस अलार्म या जहाजाच्या लाकडी बुडाला तांब्याचा पत्रा मारला, किडे आणि शिंपले लागू नयेत म्हणून. पत्रा ठोकला लोखंडी खिळ्यांनी. दोनेक वर्षांनी बघतात तर पत्रा शाबूत आणि खिळे खलास. जिथे तांब्याच्या गुंडाळीचा तपकिरी कागद चुकून खिळ्याखाली राहिला होता, तिथले खिळे मात्र बरे होते. १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने उलटा उपाय सुचवला: तांब्याला मुद्दाम जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडा, म्हणजे ते झिजतील आणि तांबं वाचेल. तांबं वाचलं. मग त्याच्यावर शिंपले बसायला लागले, कारण झिजणाऱ्या तांब्याचं विषच त्यांना दूर ठेवत होतं. पाण्यातल्या धातूंच्या कामात एक गाठ सोडवताना दुसरी बसते, हे मी नोकरीतही पुष्कळ वेळा पाहिलं.

कागदाची ती गोष्ट ऐकली की फियाटवाल्यांना वाटतं, आपणही रेडिएटर आणि इंजिन यांच्यातला विजेचा रस्ता तोडावा. रेडिएटरच्या बोल्टखाली रबराचे वॉशर घालावेत, होज तर रबराचेच आहेत, झालं काम. घाला जरूर, धक्के कमी बसतात. पण त्याने हेड वाचत नाही, आणि याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

तांबं तारेने जातं तसं पाण्यानेही जातं. रेडिएटरच्या नळ्यांमधलं तांबं अगदी थोडं थोडं पाण्यात उतरतं. पाणी फिरत हेडमध्ये येतं आणि विरघळलेलं तांबं ॲल्युमिनियमवर धातू होऊन बसतं, मोजायला सूक्ष्मदर्शक लागेल एवढंच. त्या प्रत्येक कणाभोवती स्वतःची एक छोटी बॅटरी सुरू होते. आता कणाचा आणि हेडचा थेट स्पर्श आहे, मधे कुठला वॉशर घालणार? म्हणून हेडवर सरसकट झीज न दिसता खड्डे दिसतात. खड्डा खोल जातो आणि आतलं पाणी फिरत नसल्यामुळे आणखी तीक्ष्ण होत जातं.

आजीच्या वेळी कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकायचं. आंबटाने तांबं ओढून घेतलं आणि ते ताकात उतरलं, एवढाच तो प्रकार. रेडिएटरमधलं पाणी जुनं होऊन आंबट झालं की तेच होतं, फक्त ते ताक पुढे जाऊन हेडवर सांडतं.

पाणी आंबट का होतं? कुलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचा द्रव, त्यातलं ग्लायकॉल (मुळात पाणी गोठू नये म्हणून असतं ते) गरम होऊन हवेशी भेटत राहिलं की त्याचं हळूहळू ग्लायकॉलिक आणि फॉर्मिक आम्ल बनतं. हेड गॅसकेट थोडं जरी गळत असेल तर जळका वायू थेट पाण्यात मिसळतो. पंपाचं सील सैल असेल तर पंप हवा ओढतो, आणि हवेतल्या ऑक्सिजनवर ही सगळी झीज पोसली जाते. रेडिएटरच्या टोपणाचं रबर कडक झालं असेल तर गाडी थंड होताना तीच गत. त्यामुळे माझ्या यादीत पहिला खर्च कुलंटचा नाही. पंपाचं सील, टोपण, होजचे क्लिप. गळक्या सर्किटमध्ये महागडं रसायन ओतणं आमच्या धंद्यात वेड्यात काढायला पुरेसं होतं.

आता आमचे मिस्त्री. त्यांनी आयुष्य फियाटमध्ये घालवलंय, हात लावून सांगतात कुठला पुशरॉड वाजतोय. कुलंटचा विषय काढला की म्हणतात, "ताई, मुंबईच्या टॅक्स्या नळाच्या पाण्यावर चालल्या. आपल्याकडे काय बर्फ पडतो?"

बर्फ पडत नाही हे खरं. टॅक्स्या चालल्या हेही खरं. पण ती टॅक्सी दिवसरात्र पळायची, पाणी सतत नवं पडायचं, आणि हेड काढून फेसिंग मारणं (घासून सपाट करणं), वेल्डिंग करणं, दुसरं बसवणं हा धंद्यातला नेहमीचा खर्च होता. नवी पद्मिनी टॅक्सी मुंबईत शेवटची ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सीला वीस वर्षं जगायचं होतं. माझ्या गाडीला पन्नाशी उलटून गेली आहे आणि ती आठवड्यातले बहुतेक दिवस झाकून उभी असते. उभ्या गाडीतलं पाणी स्थिर असतं, गाळ खाली बसतो, गाळाखाली ऑक्सिजन कमी आणि बाजूला जास्त, आणि एवढ्या फरकावरही एकाच धातूत झीज सुरू होते. पळणाऱ्या गाडीचा नियम उभ्या गाडीला लावता येत नाही. मिस्त्रींना हे पटलं की त्यांनी मला खूश ठेवायला मान डोलावली, ते अजून कळलेलं नाही.

कुलंट हे नाव आपल्याकडे थोडं फसवं ठरतं, कारण गार करण्याच्या बाबतीत साधं पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. आपल्याला त्या डब्यातून हवे असतात ते ग्लायकॉलबरोबर आलेले गंजरोधक. जुन्या पद्धतीच्या हिरव्या किंवा निळ्या कुलंटमध्ये प्रत्येक धातूचा राखणदार वेगळा असतो. सिलिकेट ॲल्युमिनियमवर पातळ थर धरतं. नायट्राइट, फॉस्फेट बीडाकडे बघतात. टॉलिलट्रायाझोल नावाचा पदार्थ तांब्या-पितळेवर बसतो आणि तांबं पाण्यात उतरूच देत नाही. माझ्या मते फियाटमध्ये सगळ्यांत मोलाचा हाच, कारण हेडचं भांडण तो रेडिएटरमध्येच मिटवतो. बोरॅक्स पाण्याला आंबट होऊ देत नाही.

इथे आमच्या बॉयलरवाल्या मंडळींचा एक नेहमीचा गोंधळ होतो. लोखंडाला अल्कधर्मी पाणी आवडतं. कमी दाबाच्या बॉयलरचं पाणी आम्ही पीएच (आंबट की अल्कधर्मी याचं माप, ७ म्हणजे मधोमध) ११ च्या आसपास ठेवायचो आणि लोखंड शांत बसायचं. ॲल्युमिनियमचं तसं नाही. त्याच्यावरचा संरक्षक ऑक्साइडचा थर साधारण ४ ते ८.५ या पीएचमध्ये टिकतो, त्याच्या खाली आम्लाने जातो आणि वर अल्कलीने जातो. कुलंटचा पीएच याहून थोडा वर असतो तरी हेड वाचतं, ते सिलिकेटच्या थरामुळे. म्हणून बॉयलरचं रसायन उचलून फियाटमध्ये टाकायचं नाही. आणि म्हणूनच कपड्याच्या सोड्याने रेडिएटर उकळून साफ करण्याची जुनी युक्ती फक्त बीडाच्या हेडवाल्यांसाठी आहे. गरम सोडा ॲल्युमिनियम खातो. ज्याने ती युक्ती सांगितली त्याच्याकडे बहुधा ॲम्बॅसडर असेल.

नोकरीत मी क्रोमेटचे पिवळे पाण्याचे टॉवरही पाहिलेत. गंज थांबवायला त्याच्यासारखं दुसरं काही नव्हतं, आणि ते कर्करोगकारक आहे. जुन्या पुस्तकांत रेडिएटरमध्ये डायक्रोमेट घालायचा सल्ला वाचलात तर पुढचं पान उलटा. लेथवरचं दुधाळ कटिंग ऑइल चमचाभर घालायची पद्धतही होती. बीडाला त्याचा उपयोग व्हायचा, पण तेलाने रबराचे जुने होज फुगतात आणि नळ्यांना आतून लागलेला थर उष्णता अडवतो.

आता बाजारात मिळतं त्यातलं काय घ्यायचं? रंगावर जाऊ नका. रंग हा कंपनीचा मामला आहे, रसायनाचा नाही. लेबलवर सेंद्रिय आम्लांचं, म्हणजे ओएटी, असं लिहिलं असेल तर मी ते फियाटमध्ये घालत नाही. ते आधुनिक ॲल्युमिनियम रेडिएटरसाठी छान आहे, पण शिसं-कथलाची झाळ आणि जुन्या पद्धतीची सील यांच्याबद्दल त्याची ख्याती चांगली नाही. ब्रिटनमधल्या ऐतिहासिक वाहनांच्या क्लबांच्या महासंघानेही जुन्या गाड्यांत ओएटी टाळावं असं सांगितलेलं आहे. काही जण वर्षानुवर्षं ओएटीवर गाडी चालवतात आणि काही होत नाही, हे मला माहीत आहे. माझा रेडिएटर मूळचा आहे, मी तो जुगारात लावणार नाही. दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळणं तर नकोच.

प्रमाण एक तृतीयांश कुलंट आणि दोन तृतीयांश पाणी. आपल्याकडे यापेक्षा दाट लागत नाही, आणि यापेक्षा पातळ केलं तर गंजरोधक इतका विरळ होतो की काही जागा झाकल्या जातात आणि काही उघड्या पडतात. उघडी जागा लहान आणि झाकलेली मोठी असली की सगळी झीज त्या लहान जागेवर तुटून पडते. त्यापेक्षा साधं पाणी बरं, असं म्हणायची वेळ येते. हाच क्षेत्रफळाचा नियम दुसऱ्या बाजूने उपयोगी पडतो. ब्लॉकच्या पोलादी वाट्या गळायला लागल्या तर पितळी बसवायला हरकत नसते. पितळेचा तुकडा छोटा आणि भोवती बीड मोठं, झीज मोठ्या अंगावर पसरून जाते, दिसतही नाही. ॲल्युमिनियमचं होज चढवायचं तोंड मात्र छोटं आहे आणि समोर अख्खा रेडिएटर, म्हणून ते आधी जातं.

पाणी डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, घ्यायचं, बॅटरीत घालतो ते. पुण्याच्या धरणाचं पाणी तसं मऊ आहे, पण सोसायटीत नळाला येतं त्यात बोअरचं किती मिसळलंय कुणाला ठाऊक. बोअरमधला चुना फॉस्फेटशी जमला की नळ्यांत थर बसतो, आणि क्लोराइड ॲल्युमिनियमचा थर फोडतं. दुसऱ्या टोकाचे लोकही भेटतात: नुसतं डीएम पाणी घालतात, शुद्ध आहे म्हणून. शुद्ध पाण्यात विजेचा रस्ता खराब, हे बरोबर. पण ते हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन थोडं आम्लधर्मी होतं आणि इंजिनात गेल्यावर शुद्ध राहत नाही. राखणदार नसलेलं पाणी ते राखणदार नसलेलंच.

कुलंट खरंच काम करतं का हे तपासायची एक चाचणी आहे, एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेची डी१३८४. तांबं, झाळ, पितळ, पोलाद, बीड आणि ॲल्युमिनियम अशा सहा धातूंच्या पट्ट्या एका स्क्रूवर ओवतात, मुद्दाम खारट केलेल्या पातळ कुलंटमध्ये ८८ अंश सेल्सियसला ३३६ तास ठेवतात आणि सतत हवेचे बुडबुडे सोडतात. नंतर प्रत्येक पट्टी वजन करतात. चाचणीच्या पाण्यात सल्फेट, क्लोराइड आणि बायकार्बोनेट प्रत्येकी १०० पीपीएम (दहा लाखांत १०० भाग) असतं. या चाचणीतले सहा धातू वाचताना मला वाटलं, ही तर आमची फियाटच बरणीत बसवली आहे.

मग बाल्कनीत मी त्याची गावठी आवृत्ती केली. भंगारातल्या हेडचा तुकडा, रेडिएटरच्या नळीचा तुकडा, बीडाचा तुकडा, तांब्याच्या तारेने एकत्र बांधून तीन बरण्यांत. एकीत सोसायटीच्या टँकरचं पाणी, एकीत नुसतं डीएम, एकीत डीएममध्ये एक तृतीयांश कुलंट. टँकरच्या बरणीत बीड लवकरच नारिंगी झालं आणि तार जिथे ॲल्युमिनियमला टेकत होती तिथे पांढरी दाढी फुटली. डीएमची बरणी जरा उशिरा, पण त्याच वाटेने गेली. कुलंटची स्वच्छ. यात ना तापमान, ना हवा, ना वजन, त्यामुळे याला चाचणी म्हणणार नाही. मिस्त्रींना दाखवायला मात्र तीन बरण्या माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा उपयोगी पडल्या.

गाडीतून येणारी वीज हा वेगळा प्रकार आहे आणि तो धातूंच्या भांडणापेक्षा झपाट्याने हेड खातो. इंजिन रबराच्या मांडणीवर बसलेलं असतं. ते बॉडीला विजेने जोडणारी वेणीची पट्टी गंजली, सैल झाली किंवा काम करताना कुणी लावायची विसरलं, तर परतीची वीज दुसरे रस्ते शोधते: ॲक्सिलरेटरची केबल, चोकची केबल, आणि जमेल तेवढं रेडिएटरमधल्या पाण्यातून. तपासायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल पिन रेडिएटरच्या तोंडातून पाण्यात, कुठल्याही धातूला न टेकवता. सगळं बंद असताना आकडा बघा. मग दिवे, हॉर्न, वायपर एकेक चालू करा. शेवटी कॉइलची वायर काढून, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही असं करून, स्टार्टर मारा, पंख्यापासून हात दूर ठेवून. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर चिंता नको. ०.३ च्या वर गेला तर काहीतरी बिघडलंय. सगळं बंद असतानाच जास्त येत असेल तर पाणी संपलेलं आहे, बदला. एखादं बटण दाबल्यावर उडी मारत असेल तर त्या वस्तूची किंवा इंजिनाची अर्थिंग बघा. माझ्या गाडीत स्टार्टरला उडी होती. पट्टीची दोन्ही टोकं घासून घट्ट केली आणि ती गेली. अर्थिंगच्या पट्टीखालचा रंग खरवडायचा असतो, ही गोष्ट सुंदर रंगकाम करून देणाऱ्यांना सांगावी लागते.

रेडिएटरच्या टोपणाला टांगायचे जस्ताचे किंवा मॅग्नेशियमचे तुकडे हल्ली ऑनलाइन मिळतात. डेव्हीचाच उपाय. मला त्याचं फारसं कौतुक नाही. तुकड्याचं संरक्षण त्याच्या आसपास पोचतं. वरच्या टाकीत टांगलेला तुकडा होजमधून वळणं घेत हेडच्या अरुंद खाचांपर्यंत काय पोचणार? शिवाय साधारण ६० अंशांच्या वरच्या गरम पाण्यात जस्त आणि लोखंड यांचं नातं कधी कधी उलटतं आणि जस्तच मानकरी होऊन बसतं, झिजतं ते लोखंड. रेडिएटरच्या टाकीला त्याने थोडा आधार मिळत असेल. लावायचा तर लावा, पण तो आहे म्हणून पाणी बदलायचं पुढे ढकलू नका.

रेडिएटर झाळायला दिला असेल तर एक गोष्ट हट्टाने करून घ्या. झाळताना लावलेलं ॲसिड म्हणजे जस्ताचं क्लोराइड, कधी त्यात नवसागरही असतो. ते आत राहिलं तर तुम्ही स्वतःच्या हाताने क्लोराइड भरून आणलंत. दुकानातच पाण्याचा पाइप लावून भरपूर धुवायला सांगा, घरी आणून पुन्हा धुवा, लिटमसचा कागद रंग बदलेनासा होईपर्यंत. झाळणारे हसतात. हसू देत.

होज काढाल तेव्हा ॲल्युमिनियमच्या तोंडावर रबराखाली बघा. तिथे पाणी झिरपून अडकतं आणि पांढरी साल धरते. ती साफ करून, बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करून, रबराला चालणाऱ्या सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यायचा. तोंड जास्त खाल्लेलं असेल तर क्लिप आवळून गळती थांबवण्याच्या भानगडीत पडू नका, नवं बसवा. हेडच्या भोकांच्या कडा गेल्या असतील तर आर्गन वेल्डिंगने भरून फेसिंग करता येतं, मात्र फेसिंग दर वेळी हेड पातळ करतं आणि कॉम्प्रेशन वाढवतं. आधीच्या मालकाने किती वेळा मारलंय ते हेडची जाडी मोजल्याशिवाय कळत नाही.

पाणी दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कितीही कमी चालली असली तरी. गंजरोधक किलोमीटरवर संपत नाहीत, वेळेवर संपतात. मधे पीएचची पट्टी बुडवून बघते. सात-साडेसाताकडे घसरला तर दोन वर्षं थांबत नाही. रंग हिरवागार असणं हा पुरावा नव्हे, रंग सगळ्यांत शेवटी जातो. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर पाणी काढून ठेवू नका. ओल्या धातूला हवा लागली की गंज दुप्पट जोमाने येतो. चांगल्या कुलंटने भरलेली ठेवा. अधूनमधून सुरू कराल तेव्हा थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी फिरतं. थर्मोस्टॅट काढून टाकलेला असेल, आपल्याकडे बहुतेकांचा असतोच, तर आधी तो परत बसवा.

काढलेलं कुलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, कॅनवर विष असं मोठ्या अक्षरात लिहा, आणि जुनं इंजिन ऑइल नेणाऱ्या परवानाधारकाकडे घेतो का ते विचारा. गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतायचं नाही. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि थोड्याशानेही कुत्र्या-मांजराची मूत्रपिंडं जातात. आमच्या पार्किंगमध्ये तीन मांजरी आहेत, म्हणून पाणी बदलताना खाली मोठं घमेलं ठेवते आणि सांडलेलं फडक्याने पुसून जमीन धुतल्याशिवाय वर जात नाही.